विमानाचें शेपूट : डौलाचें कीं कामाचें?

गेल्या वर्षीं आपल्या शाळेच्या विज्ञानप्रदर्शनांत विद्यार्थ्यांनीं केलेल्या छोट्या विमानांसाठीं एक बक्षीस ठेविलें होतें. परीक्षक तिघे होते. त्यांत प्रस्तुत लेखकहि एक होता. टेबलावर अकरा विमानें मांडलेलीं होतीं. त्यांतील एक पाहतांच आम्हां तिघांचीहि नजर त्यावर खिळली. बाल्सा लाकडाचे घोटीव पंख, वर रुपेरी रंग, आणि मागें माशाच्या परासारखें निमुळतें व नाजूक शेपूट! टेबलाच्या दुसऱ्या टोकास एका मुलानें पुठ्ठा व बांबूची कामटी ह्यांचें केलेलें विमान होतें. त्याचें शेपूट चौकोनी, थोरलें आणि दिसावयास बेढब होतें. त्यास रंगहि दिलेला नव्हता. बक्षीस कोणास मिळालें हें सांगावयास नकोच.

दुसरे दिवशीं सायंकाळीं मुलांनीं तीं विमानें मैदानावर नेऊन उडविलीं. बक्षीस मिळालेलें विमान हातांतून सुटतांच नाक वर करून जवळजवळ उभें राहिलें, क्षणभर थबकलें आणि नाकावर आपटलें. दुसऱ्या खेपेस तसेंच झालें. तिसऱ्या खेपेस त्याचा पंख मोडला. पुठ्ठ्याचें विमान मात्र संथपणें तरंगत चिंचेच्या झाडापर्यंत गेलें व गवतावर अलगद उतरलें. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. इतक्यांत ज्याचें विमान मोडलें होतें तो मुलगा मोडका पंख हातांत घेऊन मजजवळ आला आणि म्हणाला, "सर, मग मला बक्षीस कशाबद्दल दिलेंत?" त्या वेळीं मजजवळ उत्तर नव्हतें. उत्तर शोधतां शोधतां जें सुचलें तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

शेपटाचें काम काय, हें आपल्या मुलांस ठाऊक नाहीं असें नाहीं. संक्रांतीच्या दिवसांत पतंग गिरक्या घेऊं लागला म्हणजे त्याच्या खालच्या टोकास चिंधी बांधावी, ही विद्या त्यांस कोणी वर्गांत शिकविलेली नसते. बाणाच्या मागील टोकास पिसें लावण्याची युक्ति तर फारच प्राचीन आहे. कित्येक चर्चच्या मनोऱ्यावर वातकुक्कुट असतो. त्याची शेपटाकडील बाजू रुंद असल्यामुळें वारा तीस मागें लोटतो व चोंच आपोआप वाऱ्याकडे वळते. पिसें व वातकुक्कुट ह्यांत तत्त्व एकच. ज्या बिंदूभोंवतीं वस्तु फिरते त्याच्या मागें हवा धरणारें अंग अधिक असलें, म्हणजे ती वस्तु भरकटली तरी हवाच तीस पुन्हा सरळ करिते.

छोट्या विमानास शेपटें दोन असतात. एक उभें व एक आडवें. उभें शेपूट वातकुक्कुटाचेंच काम करितें. नाक डावीकडे अथवा उजवीकडे वळलें कीं तें त्यास पुन्हा समोरच्या वाऱ्यास भिडवितें. आडवें शेपूट नाकाचा चढउतार सांभाळतें. समजा, एखाद्या झुळुकीनें नाक वर उचललें गेलें. त्याबरोबर शेपूट खालीं झुकतें, हवा त्यावर खालून आदळूं लागते, तें वर ढकललें जातें आणि नाक खालीं येतें. नाक खालीं गेल्यास ह्याच्या उलट घडतें. कोणाचा हात न लागतां विमानानें आपला तोल आपण सावरावा, ह्या गुणास स्थैर्य म्हणतात. एकट्या सपाट पंखाच्या अंगीं हा गुण नसतो. कागदाचा एक लांबट तुकडा गच्चीवरून सोडून पाहावा. तो कोलांट्या खातच खालीं येईल.

हें तत्त्व ज्यांनीं प्रथम नीट ओळखिलें त्यांत इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्याचे सर जॉर्ज केली ह्यांचें नांव अग्रभागीं आहे. १८०४ सालीं त्यांनीं सुमारे पांच फूट लांबीचें एक छोटें विमान केलें. एका काठीवर पतंगाच्या आकाराचा पंख, मागें क्रूसासारखें उभेंआडवें शेपूट, आणि तोल साधण्यासाठीं पुढेंमागें सरकवितां येणारें वजन, एवढीच त्याची सामग्री. शेपटाचा कोन पाहिजे तसा बदलतां येत असे. त्यानंतर १८ ऑगस्ट १८७१ रोजीं पॅरिस येथील तुइलरी बागेंत आल्फोन्स पेनो नांवाच्या एकवीस वर्षांच्या तरुणानें रबराच्या पिळानें चालणारें एक विमान लोकांसमक्ष उडविलें. त्याचें वजन अवघें १६ ग्रॅम होतें. तें ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेलें. त्याच्या शेपटांतील खुबी अशी होती कीं, तें पंखापेक्षां कांहीं अंश कमी कोनांत बसविलें होतें. वेग वाढून नाक खालीं जाऊं लागलें तर ह्या कोनभेदामुळें शेपूट खालीं दाबलें जाई व नाक पुन्हा वर येई. आज कोणताहि मुलगा शेपटाच्या मागील कडेस किंचित् वर वळवितो तेव्हां तो नकळत पेनोचाच धडा गिरवीत असतो.

पालकांनीं लक्षांत ठेवावी अशी एक गोष्ट येथेंच सांगतों. १८७८ सालीं अमेरिकेंत मिल्टन राइट नांवाच्या एका बिशपनें प्रवासाहून येतांना आपल्या दोन धाकट्या मुलांस एक खेळणें आणिलें. कागद, बांबू, बूच व रबर ह्यांचें तें भिरभिरें पेनोच्याच कल्पनेवरून केलेलें होतें. तें मोडलें तेव्हां त्या मुलांनीं आपल्या हातांनीं तशींच दुसरीं बनविलीं. तीं मुलें म्हणजेच विल्बर व ऑर्व्हिल राइट. पुढें १९०१ सालीं ह्याच बंधूंनीं डेटन येथें हवेचा एक छोटा बोगदा करून त्यांत सुमारे २०० आकारांच्या पंखांची परीक्षा केली. १९०२ च्या आपल्या बिनयंत्राच्या विमानास त्यांनीं प्रथम दोन उभीं स्थिर पातीं मागें बसविलीं; परंतु वळतांना तें विमान कधीं कधीं एका अंगावर घसरून गिरकी घेत वाळूंत रुते. तेव्हां त्यांनीं तीं काढून एकच हलतें सुकाणूं बसविलें आणि तें पंखांच्या पिळाशीं जोडलें. १७ डिसेंबर १९०३ रोजीं यंत्राच्या बळावर पहिलें १२ सेकंदांचें उड्डाण झालें, त्याच्या मागें शेपटाच्या ह्या दुरुस्तीचा मोठा वांटा होता. कोणतें शेपूट सुंदर दिसतें, असा प्रश्न त्यांनीं विचारिला नाहीं. कोणतें काम करितें, एवढेंच त्यांनीं पाहिलें.

आतां आमच्या प्रदर्शनांतील विमानांकडे वळूं. मोडलेल्या विमानाचें माप दुसरे दिवशीं त्या मुलासह मीं घेतलें. पंखाचा विस्तार ६० सेंटिमीटर व रुंदी १० सेंटिमीटर; म्हणजे क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर. शेपटाचें क्षेत्रफळ अवघें ४८ चौरस सेंटिमीटर, आणि पंखापासून शेपटापर्यंतचें अंतर २० सेंटिमीटर. शेपटाची शक्ति केवळ त्याच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. तें किती दूर आहे ह्यावरहि असते. विहिरीवरील रहाटाचा दांडा जितका लांब तितका जोर कमी लागतो, हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. म्हणून शेपटाचें क्षेत्रफळ व तें अंतर ह्यांचा गुणाकार करावा, पंखाचें क्षेत्रफळ व पंखाची रुंदी ह्यांचा गुणाकार करावा, आणि पहिल्यास दुसऱ्यानें भागावें. ह्या विमानाचा पहिला गुणाकार ९६० व दुसरा ६,००० आला, भागाकार ०.१६. हातानें सोडावयाच्या साध्या विमानास ही संख्या ०.५ च्या आसपास किंवा किंचित् अधिक असावी. पुठ्ठ्याच्या विमानाचा पंख तेवढाच होता. परंतु त्याचें शेपूट १२० चौरस सेंटिमीटरचें व ३० सेंटिमीटर दूर होतें. तेथें भागाकार बरोबर ०.६ आला. जें आम्हांस बेढब वाटलें तेंच प्रमाणशुद्ध होतें!

दुसरा एक दोष होता. विमान दोन बोटांवर तोलून पाहिलें तेव्हां त्याचा गुरुत्वमध्य पंखाच्या जवळजवळ मध्यावर आला. तो पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या चौथ्या व तिसऱ्या हिश्श्याच्या दरम्यान असावा, हा आरंभासाठीं चांगला नियम आहे. रुपेरी रंगाचे तीन हात शेपटावर चढले होते, त्याचाहि हा परिणाम. शेपूट गुरुत्वमध्यापासून नाकाच्या तिप्पट दूर असेल, तर शेपटावर चढविलेल्या प्रत्येक ग्रॅमाच्या तोलासाठीं नाकास तीन ग्रॅम वजन लावावें लागतें. शेपूट मोठें असावें, पण तें हलकें असावें, हें सूत्र मुलांनीं पाठ करून ठेवण्यासारखें आहे.

"मग आकाराला कांहींच महत्त्व नाहीं काय?" असें कोणी विचारील. महत्त्व आहे, परंतु आपण समजतों तेथें नाहीं. समान क्षेत्रफळाच्या दोन शेपटांपैकीं लांब व अरुंद असलेलें शेपूट कोन थोडासा बदलतांच अधिक जोरानें काम करितें, कारण त्याच्या टोकांवरून हवा कमी निसटते. आंखूड व रुंद शेपूट मंद असतें, परंतु मोठ्या कोनांतहि तें एकाएकीं हवा सोडीत नाहीं. ह्यावरून शेपूट शक्य तितकें अरुंद करावें असें वाटेल. पण तेथें दुसराच अडथळा उभा राहतो. १८८३ सालीं मँचेस्टर येथील प्राध्यापक ऑस्बर्न रेनल्ड्स ह्यांनीं दाखवून दिलें कीं, प्रवाहाची चाल ही वेग, आकारमान आणि द्रवाचा चिकटपणा ह्यांच्या परस्परप्रमाणावर ठरते. सेकंदास ५० मीटर वेगानें जाणाऱ्या व दीड मीटर रुंद पंखाच्या मोठ्या विमानास ही प्रमाणसंख्या सुमारे ५० लाख येते. सेकंदास ५ मीटर वेगानें जाणाऱ्या आपल्या विमानाच्या ५ सेंटिमीटर रुंद शेपटास ती अवघी १७ हजारांच्या आसपास येते. म्हणजे आपल्या चिमुकल्या शेपटास तीच हवा जणूं काकवीसारखी दाट लागते, व ती त्याच्या पाठीवरून लवकर सुटते. यास्तव फार अरुंद शेपूट छोट्या विमानास मानवत नाहीं. रुंदीच्या तिपटीपासून पांचपटीपर्यंत लांबी ठेवावी. पातळ, सपाट फळी घ्यावी. तिची पुढची कड गोल व मागची कड निमुळती घासावी, म्हणजे झालें.

राहतां राहिला गोलाकार शेपटाचा डौल. ५ मार्च १९३६ रोजीं प्रथम उडालेल्या स्पिटफायर विमानाचे लंबवर्तुळाकार पंख जगप्रसिद्ध आहेत, आणि अनेक मुलें त्याच्या चित्रावरूनच आपलें शेपूट कापतात. त्या आकारानें पंखाचा एक प्रकारचा हवेचा रोध कमी होतो, हें खरें. परंतु तो लाभ सर्व भार वाहणाऱ्या पंखाचा आहे. शेपटावर भार थोडाच असतो, म्हणून तेथें तो लाभ नांवापुरताच उरतो. १९४५ सालीं प्रथम उडालेल्या बीचक्राफ्ट बोनान्झा विमानास दोन तिरप्या पात्यांचें शेपूट दिलें होतें; तेंहि पुष्कळांस मोहक वाटतें. पण तीन पात्यांचें काम दोघांवर पडलें तरी एकंदर लागणारें क्षेत्रफळ फारसें कमी होत नाहीं. शिवाय मोठ्या विमानांत वैमानिक बसलेला असतो. शेपूट थोडें कमी पडलें तर त्याचा हात तें भरून काढतो. आपलें विमान हातांतून सुटलें कीं एकटें असतें. म्हणूनच मोठ्या विमानाची हुबेहूब प्रतिकृति मोकळी उडवावयाची असतां अनुभवी लोक तिचें शेपूट मुद्दाम वाढवितात. चित्राशीं इमान राखावें कीं हवेशीं, असा प्रसंग आला तर हवेशींच राखलें पाहिजे.

ह्याचा अर्थ जितकें मोठें तितकें उत्तम, असाहि कोणी करूं नये. उभें शेपूट अवाजवी वाढविलें तर विमान एका अंगास कलून गोल गोल घसरत खालीं येतें. पंखाच्या क्षेत्रफळाच्या सुमारे पंधराव्या हिश्श्याइतकें पातें घेऊन आरंभ करावा आणि पुढें अनुभव सांगेल तसें कमीअधिक करावें. आणि निसर्ग तर आपल्या नियमांचाहि गर्व हरण करितो. आपल्या मैदानावर घिरट्या घालणाऱ्या घारीस उभें शेपूट मुळींच नसतें. ती आपलें दुभंग शेपूट क्षणोक्षणीं मुरडून वळण घेते. पण घारीस डोळे आहेत आणि मेंदू आहे. पुठ्ठ्यास तो नाहीं. ज्यास स्वतःची बुद्धि नाहीं त्यास आपण अगोदरच स्थैर्य द्यावें लागतें.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतों. आम्हीं बक्षीस कशाबद्दल दिलें? रंगाबद्दल दिलें, गुळगुळीतपणाबद्दल दिलें, आणि स्पष्टच बोलावयाचें तर महाग लाकडाबद्दलहि दिलें. विज्ञानाबद्दल दिलें नाहीं. कोणी म्हणेल कीं, नीटनेटकेपणा हाहि गुणच आहे. त्याचा गौरव कां करूं नये? अवश्य करावा. हस्तकौशल्याचें निराळें बक्षीस ठेवावें आणि तें मनापासून द्यावें. परंतु ज्या बक्षिसावर विज्ञानाचें नांव आहे तें टेबलावर ठरूं नये, मैदानावर ठरावें. विमान उडण्यासाठीं असतें. न उडविलेल्या विमानाची परीक्षा म्हणजे न चाखलेल्या पक्वान्नाची परीक्षा होय.

म्हणून माझें आग्रहाचें म्हणणें असें आहे. पुढील प्रदर्शनांत प्रत्येक विमान तीन वेळां उडवावें व त्याचा काळ घड्याळानें मोजावा. निम्मे गुण त्यास द्यावे. उरलेले निम्मे गुण वहीस द्यावे. त्या वहींत शेपटाचें माप, अंतर, भागाकार, प्रत्येक उड्डाणांत काय घडलें आणि त्यानंतर कोणता एक बदल केला, हें लिहिलेलें असावें. "एक" हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. शेपूटहि बदललें, वजनहि सरकविलें आणि पंखहि वाकविला, तर विमान कशानें सुधारलें हें देवालाच ठाऊक! एका वेळीं एकच बदल करण्याचा संयम ज्या मुलास साधला त्यास विज्ञानाची किल्ली सांपडली असें समजावें.

पालकांस दोन शब्द. प्रदर्शनाच्या आदल्या रात्रीं कित्येक घरीं विमान कोण करितें, हें आपण सर्वच जाणतों. मुलाचें शेपूट वांकडें झालें तर तें वांकडेंच राहूं द्यावें. तें कां पडलें हें त्यास स्वतः शोधूं द्यावें. बाजारांतून तयार संच आणून देण्यापेक्षां कात्री, पुठ्ठा, खळ आणि एक फूटपट्टी आणून द्यावी. बिशप राइट ह्यांनीं आणिलेलें खेळणें मोडलें, ह्यांतच त्या घराचें भाग्य होतें. विमान मोडल्याबद्दल मुलास रागें भरणारा बाप त्यास पुन्हा उडविण्यापासून परावृत्त करितो.

त्या दोन मुलांची हकीकत सांगून लेख संपवितों. ज्याचें विमान मोडलें होतें त्यानें पंख जोडला आणि तें नाजूक शेपूट काढून टाकिलें. विमानाचें अंग लांबवितां येण्यासारखें नव्हतें, म्हणून २५ सेंटिमीटर लांब व ६ सेंटिमीटर रुंद असें साधें आयताकृति शेपूट त्यानें बसविलें, भागाकार ०.५ आला. नाकास शाडूची गोळी लावून तोल पुढें आणिला. पुठ्ठ्याचें विमान करणारा मुलगा त्यास मापें सांगत होता. तिसऱ्या प्रयत्नांत तें चिंचेच्या झाडापलीकडे गेलें. ह्या उड्डाणास कोणतेंहि बक्षीस नव्हतें. परंतु त्या दोघांचे चेहरे पाहून बक्षीस काय असतें तें मला कळलें.

आपल्या उपासनेंत याकोबाचें पत्र अनेकदां वाचलें जातें. मोठें तारूं लहानशा सुकाणूनें वळतें, हा त्यांतील दृष्टांत सर्वांस ठाऊक आहे. शाळेंतील बक्षीस हेंहि तसेंच लहानसें सुकाणूं आहे. तें ज्या बाजूस वळेल त्या बाजूस शेंकडों मुलांची बुद्धि वळते. आम्हीं तें एकदां चुकीच्या बाजूस वळविलें. येत्या वर्षीं तें सरळ करावें, अशी आमच्या सहकाऱ्यांस व पालकांस नम्र विनंति आहे.